काजळीचं खापर मेणावर नको

"यात पॅराफिन नाही ना?" सुगंधी मेणबत्त्या मांडून बसलेल्या बाईला गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न हाच असतो. वास कोणता, किती तास जळेल, वात कशाची, हे सगळं नंतर. पॅराफिन आहे म्हटलं की हातातला जार खाली ठेवला जातो आणि वर ऐकवलं जातं, "ते पेट्रोलचं असतं हो, कॅन्सर होतो. सोयाची असेल तर दाखवा, तिला काजळी धरत नाही." खोपोलीजवळच्या आमच्या शिळफाट्यावर (कल्याण-महापे रस्त्यावरचा शिळफाटा तो वेगळा) आणि पुढे खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात घरी मेणबत्त्या करणाऱ्या बायका आता हाच प्रश्न ऐकून घाबरतात आणि स्वतःच "शंभर टक्के सोया, धूरविरहित, विषमुक्त" अशी चिठ्ठी जारावर चिकटवतात. ही चिठ्ठी चुकीची आहे. ती वाचून लोक मेणबत्ती बंद खोलीत, पंख्याखाली, तासन्‌तास जाळतात आणि मग भिंत काळी झाली की करणारीला बोल लावतात. म्हणून हा गैरसमज एकदा मुळापासून उकरून काढायला हवा.

आधी ही दोन मेणं आहेत तरी काय, ते पाहू. पॅराफिन खनिज तेलापासून निघतं. जर्मन रसायनतज्ज्ञ कार्ल फॉन रायशनबाख यांनी ते १८३० मध्ये वेगळं केलं. आपल्याकडे ते आसामातल्या दिगबोई आणि नुमालीगड, तसंच चेन्नईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार होतं. सोया वॅक्स म्हणजे सोयाबीनचं तेल हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं, वनस्पती तूप ज्या प्रक्रियेनं होतं त्याच प्रक्रियेनं. ते मेणबत्तीसाठी वापरात आलं अमेरिकेत, १९९० च्या दशकात. म्हणजे शेंगेतून थेट जारात असं काही नसतं, दोन्ही मेणं कारखान्यातूनच येतात.

"पेट्रोलचं आहे म्हणून विषारी" या तर्काचं तर नवलच वाटतं. बद्धकोष्ठतेवर डॉक्टर जे लिक्विड पॅराफिन पोटात घ्यायला देतात, ते त्याच कुळातलं. सांधे आखडले की फिजिओथेरपीत कोमट पॅराफिनमध्ये हात बुडवायला लावतात. चीजवरचं वेष्टन आणि फळांवरचा चकचकीत थर यांतही शुद्ध पॅराफिन वापरलं जातं. पदार्थ कशातून काढला यापेक्षा तो किती शुद्ध केला, हे महत्त्वाचं. पूर्ण शुद्ध पॅराफिनमध्ये तेलाचा अंश अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा कमी असतो, अर्धशुद्धात तो जास्त असतो. स्वस्तात मिळालेलं, बोटाला चिकट लागणारं आणि रॉकेलसारखा वास मारणारं मेण घेतलं तर मेणबत्तीला तोच वास येतो. तेव्हा प्रश्न विचारायचाच असेल तर "कोणत्या प्रतीचं पॅराफिन?" असा विचारा.

आता काजळीकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

एक प्रयोग घरी करून पाहा. मेणबत्ती पाच-दहा मिनिटं स्थिर जळू द्या आणि हलकेच फुंकर मारून विझवा. वातीवरून पांढऱ्या धुराची एक रेघ वर जाते. त्या रेघेत, वातीच्या बोटभर वर, पेटती काडी धरा. ज्योत रेघेवरून खाली उडी मारते आणि वात पुन्हा पेटते. काडीचा वातीला स्पर्शही झालेला नसतो. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर जी व्याख्यानं दिली, त्यात हाच प्रयोग करून दाखवला होता. ती पांढरी रेघ म्हणजे मेणाची वाफ. वितळलेलं मेण वातीतून वर चढतं, तिथे त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. वात फक्त मेण वर ओढून देते.

मेणाच्या वाफेचे लांबलचक रेणू ज्योतीच्या उष्णतेनं तुटतात आणि त्यातून कार्बनचे अतिसूक्ष्म कण होतात. ते कण तापून चमकू लागले की जो उजेड पडतो, तोच आपल्याला ज्योतीचा पिवळा रंग म्हणून दिसतो. म्हणजे ज्योत पिवळी असेल तर तिच्या पोटात काजळी आहेच, मग मेण पॅराफिनचं असो, सोयाचं असो की मोहोळाचं. नीट जळणाऱ्या मेणबत्तीत हे कण ज्योतीच्या कडेला पोचेपर्यंत जळून त्यांचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा पुरली नाही, किंवा ज्योत हलली, थंड झाली, की ते न जळताच बाहेर पडतात आणि भिंतीवर बसतात. "सोयाला काजळी नसते" हे वाक्य तेव्हाच खरं ठरेल, जेव्हा सोयाची ज्योत पिवळी दिसणार नाही.

एवढं शास्त्र नको असेल तर आपल्या आज्यांना विचारा. त्या काजळ कशावर धरत होत्या? एरंडेलाच्या नाहीतर साजूक तुपाच्या दिव्यावर तांब्याचं भांडं उपडं धरायचं, काळा थर जमला की खरवडून तुपात कालवायचा. त्या दिव्यात खनिज तेलाचा थेंबही नव्हता. सगळं झाडाचं आणि गाईचं, तरी काजळी मुबलक, कारण भांडं ज्योतीत धरून ती थंड केलेली असायची. वनस्पतीतून आलेल्या इंधनाला काजळी नसते असं म्हणणाऱ्या माणसाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या काजळ झालेलं असतं.

मग जारावर काळा वळसा का उमटतो? कारणं ठरलेली आहेत. वात फार लांब राहिलेली असते. जाराच्या मानानं वात जाड असते, ती गरजेपेक्षा जास्त मेण ओढते आणि टोकाला काळी कळी धरते. जार खोल आणि तोंडाला अरुंद असतो, आत हवा शिरत नाही. सुगंधी तेल बेसुमार घातलेलं असतं. आणि आपल्याकडचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे डोक्यावरचा पंखा. कर्जत-खोपोलीच्या मे महिन्यात पंख्याशिवाय बसता येत नाही, आणि पंख्याखाली ठेवलेली कुठल्याही मेणाची मेणबत्ती धूर सोडतेच.

म्हणूनच या कामातलं खरं कसब वात निवडण्यात आहे. मेण वितळवून ओतायला कुणीही दोन दिवसांत शिकतं. एकाच मापाच्या चार जारांत एकच मेण, एकच सुगंध आणि चार जाडीच्या वाती घालायच्या, चारही जाळायच्या, कुठल्या वातीला कळी धरते, कुठली मेणात बुडून विझते, कुठलीचं वितळलेलं तळं कडेपर्यंत पोचतं, हे वहीत लिहायचं. सुगंध बदलला की पुन्हा पहिल्यापासून, कारण मोगऱ्याचं तेल आणि व्हॅनिलाचं तेल मेणाला सारखं वागू देत नाही. वेणीसारखी सपाट विणलेली वात १८२५ मध्ये फ्रान्समध्ये आली तेव्हा मेणबत्तीचं नशीब पालटलं. ही वात जळताना वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला येऊन आपोआप जळून जातं. त्याआधी दर थोड्या वेळानं कात्री घेऊन वात कापत बसावं लागे. आमच्या शेजारच्या महडला वरदविनायकाच्या देवळात १८९२ पासून नंदादीप तेवत असल्याचं सांगतात. असा दिवा राखणं म्हणजे मुख्यतः वात राखणं, हे समई लावणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मेणबत्ती जारात आली म्हणून हा नियम बदलत नाही.

"पण शास्त्रज्ञांनीच सांगितलंय" असं यावर हमखास ऐकू येतं. सांगितलंय ते काय, तेही पाहू. २००९ मध्ये साउथ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या दोन संशोधकांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या परिषदेत एक निबंध मांडला. पॅराफिनच्या धुरात टोल्युइन, बेन्झिनसारखे पदार्थ आढळले, सोयाच्या धुरात आढळले नाहीत, असं त्यात होतं. बातमी जगभर गेली आणि आजही तीच फिरते. त्याआधी २००७ मध्ये जर्मनीतल्या ओकोमेट्रिक प्रयोगशाळेनं पॅराफिन, सोया, पाम, स्टिअरिन आणि मधमाश्यांचं मेण या सगळ्यांचा धूर तपासला होता, आणि मेणामेणांत आरोग्याच्या दृष्टीनं फारसा फरक आढळला नव्हता. या तपासणीमागे मेणबत्ती उद्योगाच्या संघटनांचा पैसा होता, हेही सांगायला हवं. २०१४ मध्ये 'रेग्युलेटरी टॉक्सिकॉलॉजी अँड फार्माकॉलॉजी' या नियतकालिकात सुगंधी मेणबत्त्यांवरचा अभ्यास आला. नेहमीच्या वापरात त्यातून आरोग्याला धोका दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातही उद्योगातले संशोधक होते. उद्योगाच्या पैशावर शंका घ्या, जरूर घ्या. पण मग सोया विकणाऱ्याच्या जाहिरातीवरही तेवढीच घ्या.

यातून "मेणबत्ती निर्धोक" असा अर्थ कुणी काढू नये. कुठल्याही ज्योतीतून सूक्ष्म कण निघतात. घरात दम्याचा रुग्ण असेल, तान्हं बाळ असेल, एसी लावून खोली बंद केलेली असेल, तर मेणबत्ती सोयाची असली तरी लावू नका. आणि हवेची खरोखर काळजी असेल तर आधी डासांच्या कॉइलकडे बघा. २००३ मध्ये 'एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्ह्ज'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात. पॅराफिन नको म्हणून जार परत करणाऱ्या घरात रात्रभर कॉइल जळत असते, तेव्हा मन विषण्ण होतं.

सोयाच्या बाजूनं एक मुद्दा खरा आहे. पॅराफिन जमिनीखालच्या साठ्यातून येतं, तो साठा पुन्हा भरत नाही. सोयाबीन दरवर्षी पिकतं. पण आपला देश गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. खायचं तेल घट्ट करून जाळणं पर्यावरणाला पोषकच असतं, असं डोळे मिटून म्हणता येणार नाही. शिवाय जारात ओतायचं सोया मऊ असतं, साधारण ४५ ते ५० अंशांना वितळतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत असा जार विसरलात तर परत येईपर्यंत त्याचं तेल झालेलं असतं. जाराशिवाय उभी राहणारी मेणबत्ती हवी असेल तर त्यात स्टिअरिक अॅसिड, मधमाश्यांचं मेण किंवा पॅराफिन मिसळावं लागतं. असं मिश्रण करण्यात खोट काही नाही, खोट ते लपवण्यात आहे.

उरलेले गैरसमज थोडक्यात:

सोयाच्या मेणबत्तीवर पांढरी बुरशी दिसते म्हणजे माल जुना. ती बुरशी नसते, मेणाचे स्फटिक असतात. वास आणि जळणं यांत त्यानं फरक पडत नाही.

सुगंध जितका जास्त ओतावा तितका दरवळ जास्त. बहुतेक मेणं ६ ते १० टक्क्यांपर्यंतच तेल धरून ठेवतात. त्यापुढचं तेल घामासारखं वर येतं आणि धूर वाढवतं.

नैसर्गिक तेल म्हणजे ॲलर्जी नाही. लॅव्हेंडरमधला लिनालूल हवेशी संयोग पावला की त्याचीही ॲलर्जी होते.

सिट्रोनेलाची मेणबत्ती डास पळवते. न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०१७ मधल्या चाचणीत तिचा काहीच परिणाम दिसला नाही. मच्छरदाणी लावा.

मधमाश्यांचं मेण जळताना हवा शुद्ध करतं. जळणारी कुठलीही वस्तू हवा शुद्ध करत नाही.

वातीत शिसं असतं. पूर्वी काही वातींत असायचं. अमेरिकेनं २००३ मध्ये अशा वातींवर बंदी घातली. शंका असेल तर न पेटवलेली वात पांढऱ्या कागदावर घासा, पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर घेऊ नका.

मध्येच खड्डा पडला म्हणजे मेणबत्ती वाईट. बहुतेकदा पहिल्यांदा ती अर्ध्या तासात विझवलेली असते. वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचू द्या, मग विझवा.

घरचं काम आहे, यात कसला धोका? हा गैरसमज मात्र जीव घेऊ शकतो. मेण कधीही थेट गॅसवर ठेवू नका, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवूनच वितळवा. मेणानं पेट घेतला तर पाणी टाकू नका, पाण्याची क्षणात वाफ होऊन जळतं मेण अंगावर उडतं. गॅस बंद करा आणि झाकण टाका. ८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात वाढदिवसाच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्यांच्या कारखान्याला आग लागून महिला कामगार होरपळून गेल्या. तिथे शोभेच्या दारूचा माल होता, तो आणि साधं मेण एक नव्हे. पण तो माल कुणी घरी भरायला दिला तर तोंडावर नाही म्हणा.

शेवटचं सांगणं विकणाऱ्यांना आहे. मेणाच्या मेणबत्त्या एप्रिल २०१५ पर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव होत्या, आता मोठ्या कारखान्यांनाही त्या करता येतात. त्यांच्याशी जाहिरातीत बरोबरी करायला गेलात तर तुमच्याजवळ तेवढा पैसा नाही. तुमच्याजवळ वातीची वही आहे. जारावर "विषमुक्त" लिहू नका. मेण कोणतं आणि किती मिसळलं, सुगंध किती टक्के, वात पेटवण्याआधी सहा मिलिमीटरवर कापा, पंख्यापासून दूर ठेवा, सलग चार तासांपेक्षा जास्त जाळू नका, तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की थांबा, एवढं लिहा. आणि घेणाऱ्यांनो, "पॅराफिन नाही ना?" ऐवजी "ही जाळून पाहिली आहे का, किती तास?" असं विचारा. जिनं पाहिली असेल तिला उत्तर देताना चिठ्ठी वाचावी लागणार नाही. तिच्याकडूनच घ्या.