सही बापाची, शर्यत पोराची

28 जानेवारी 2024 रोजी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात मातीचे उंचवटे रचून सुपरक्रॉसची शर्यत झाली. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची ही पहिलीच फेरी. पुढच्या दोन अहमदाबाद आणि बंगळूरला झाल्या. पोस्टरवर झळकले ते 450 सीसीवाले परदेशी स्वार. पण चार गटांतला सर्वांत धाकटा गट 85 सीसीचा होता, भारतीय किशोरांचा. या खेळातली खरी धास्ती आणि खरा खर्च तिथेच कळतो.

क्रिकेटच्या कोचिंगला पोराला सोडून बाप चहाला जाऊ शकतो. इथे बहुतेक वेळा बापच मेकॅनिक, बापच टेम्पोचा ड्रायव्हर आणि बापच सावकार. टायर झिजतात, क्लचप्लेटा जळतात, पोराची उंची वाढली की बूट आणि छातीचं कवच नवीन घ्यावं लागतं. शिवाय शर्यतीआधी एका कागदावर सही करायची असते: धोका ठाऊक आहे, संमती आहे. अल्पवयीन स्वाराच्या वतीने ही सही आईबाप करतात.

तरी पुण्याचे स्वार पुढे आले. मोटोक्रॉसमधला ऋग्वेद बारगुजे पुण्याचा. होंडाच्या टॅलेंट कपमधून वर येऊन टीव्हीएसच्या आशियाई मालिकेत धावलेला सार्थक चव्हाणही पुण्याचाच. रॅलीत मोटार चालवणारे संजय टकले हेही पुणेकर. ही नावं गल्लीतल्या किती जणांना माहीत असतात?

गंमत म्हणजे शहराचं पोट मोटरसायकलींवर चालतं. आकुर्डीच्या बजाज ऑटोने 2007 मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागीदारी घेतली आणि 2012 पासून चाकणमधून ड्यूक 200 बाहेर पडू लागली. याच केटीएमने 2001 ते 2019 या काळात डाकार रॅलीतलं मोटरसायकलींचं विजेतेपद सलग 18 वेळा जिंकलं. मात्र पुण्याच्या पोराला डांबरी ट्रॅकवरची राष्ट्रीय शर्यत धावायची तर चेन्नई किंवा कोइम्बतूर गाठावं लागतं. आणि याच शहरात जानेवारी 2019 मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला! ट्रॅकवरचा पोरगा मानेच्या पट्ट्यापासून गुडघ्याच्या ढालीपर्यंत सगळं चढवल्याशिवाय किक मारत नाही. त्याचे काका मात्र बिनहेल्मेटचे मंडईत जाऊन येतात.

पण कवच सगळं काही थोपवत नाही. 5 ऑगस्ट 2023 रोजी चेन्नईजवळच्या ट्रॅकवर बंगळूरचा श्रेयस हरीश नवोदितांच्या शर्यतीत उतरला. वय 13. त्या सकाळी सर्वांत पुढची जागा त्यानेच मिळवली होती. मोसमात त्याने लागोपाठ चार शर्यती जिंकल्या होत्या आणि त्याच महिन्यात तो मलेशियात सेपांगला धावणार होता. सुरुवातीनंतर पहिल्याच वळणातून बाहेर पडताना तो पडला, डोक्याला जबर मार लागला. शर्यत लगेच थांबवली, रुग्णवाहिका ट्रॅकवरच होती, तरी तो वाचला नाही. वडील तिथेच होते; रुग्णालयात त्याच्यासोबत गेले ते तेच. आयोजकांनी त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या शर्यती रद्द केल्या.

उत्तर आयर्लंडच्या डनलॉप घराण्याने शर्यतीतल्या मृत्यूचं दुःख तीनदा भोगलं. आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यती 26 वेळा जिंकणारा जोई 2000 साली एस्टोनियातल्या शर्यतीत दगावला, तोही त्याच वर्षी टीटीत तीन विजय मिळवून. त्याचा भाऊ रॉबर्ट 15 मे 2008 रोजी एका स्पर्धेच्या सरावात दगावला आणि दोनच दिवसांनी रॉबर्टचा मुलगा मायकेल त्याच स्पर्धेतली 250 सीसीची शर्यत जिंकला. दुसरा मुलगा विल्यम 2018 मध्ये गेला. मायकेल अजून धावतो. 2024 मध्ये त्याने काकाचा विक्रम मोडला. याला धैर्य म्हणावं की हट्ट, हे मला ठरवता येत नाही. इटलीच्या पाओलो सिमोनचेल्लीने वेगळी वाट धरली. मुलगा मार्को 2011 मध्ये सेपांगच्या शर्यतीत दगावल्यावर त्याने मुलाच्या 58 क्रमांकाच्या नावाने संघ काढला. 2019 मध्ये मिझानोच्या ट्रॅकवर, ज्याला आता मार्कोचंच नाव आहे, त्या संघाच्या तात्सुकी सुझुकीने मोटो3 ची शर्यत जिंकली.

2021 या एकाच वर्षात युरोपात 19, 14 आणि 15 वर्षांचे तीन स्वार दगावले. तेव्हा आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघ जागा झाला आणि 2023 पासून डांबरी ट्रॅकवरच्या जागतिक अजिंक्यपद शर्यतींसाठी वयाची किमान मर्यादा, काही अपवाद सोडून, 18 झाली. पण ती जागतिक गटांपुरतीच. श्रेयसचा अपघात ती मर्यादा लागू असलेल्या वर्षातलाच.

मुलांना रोखावं असं मी म्हणणार नाही. ट्रॅकवर रोखलेलं पोरगं रात्री पाषाण-सूस रस्त्यावर वेग काढील, आणि तिथे ना लाल झेंडा असतो, ना रुग्णवाहिका. चाकण-आकुर्डीच्या कंपन्या जाहिरातींवर ओततात त्यातला थोडा पैसा बाजूला काढून शहराजवळ कायमचा मातीचा ट्रॅक बांधावा, तिथे डॉक्टर बसवावा, आणि धाकट्या गटात एका वेळी किती मुलं सोडायची याचा नियम घालावा. आज ही सगळी जोखीम त्या एका सहीवर सोडली आहे.