पुढाऱ्याचा जमाखर्च

बायबलच्या जुन्या करारातील नहेम्याच्या ग्रंथाचा पाचवा अध्याय पालघर जिल्ह्यातील प्रत्येक सुशिक्षित माणसाने, त्याचा धर्म कोणताही असो, एकदा स्वस्थपणे वाचावा असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. कारण इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात यरुशलेमेत दाखल झालेली जी फिर्याद त्यात नोंदली आहे, तिच्यातील बहुतेक कलमे या भूमीच्या परिचयाची आहेत. पर्शियाच्या बादशहाचा सुभेदार म्हणून नहेम्या पडक्या तटाच्या दुरुस्तीस आला असता त्याच्यापुढे जे गाऱ्हाणे आले, ते बाहेरच्या शत्रूविरुद्ध नव्हते, स्वकीयांविरुद्ध होते. दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण पडली होती, बादशहाचा सारा भरण्यासाठी कर्ज काढावे लागले होते, आणि अखेर पोटच्या मुलामुलींना दास्यात लोटण्याची पाळी आली होती. हे सगळे करणारे सावकार त्याच लोकांचे सरदार आणि अधिकारी होते.

डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लग्नगडीची जी चाल होती, ती आठवल्यावाचून हा अध्याय वाचणे मला तरी शक्य होत नाही. लग्नापुरती उचल जमीनदाराकडून घ्यायची आणि तिच्या फेडीसाठी नवरदेवाने, व पुष्कळदा त्याच्याबरोबर त्याच्या नव्या नवरीनेही, वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबायचे, असा तो प्रकार होता. 1945 मध्ये वारली उठले, ते किसान सभेच्या झेंड्याखाली, शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाने. त्याची हकीकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहून ठेवली आहे. त्या लढ्याचे अधिष्ठान बायबल नव्हते, साम्यवाद होता, हे ख्रिस्ती माणसाने मोकळेपणाने मान्य करावे; परंतु नहेम्याच्या कानी पडलेला आक्रोश ज्याने ओळखला आहे, त्याला तो लढा परका वाटण्याचे कारण नाही.

या अध्यायाचा उत्तरार्ध मात्र पुढाऱ्यांच्या, आणि विशेषतः धार्मिक पुढाऱ्यांच्या, वाचनातून नेहमी निसटतो. नहेम्या सभा बोलावतो, सरदारांना सर्वांसमक्ष जाब विचारतो, गहाण शेते आणि घेतलेले व्याज परत करण्याची शपथ घ्यावयास लावतो. पण ते करताना मी, माझे भाऊ आणि माझे सेवक हेही लोकांना पैसा व धान्य उसने देतच आहोत, हे तो त्याच सभेत बोलून दाखवतो. पुढे तो आपला जमाखर्च मांडतो: बारा वर्षांच्या सुभेदारीत त्या पदाचा भत्ता त्याने घेतला नाही, पंगतीला रोज दीडशे माणसे असूनही त्याचा भार रयतेवर टाकला नाही, आणि त्या काळात त्याने अथवा त्याच्या माणसांनी कोणतीही जमीन खरेदी केली नाही. जिथे रेल्वे, कारखाने आणि बंदरे येण्याची वार्ता आधी कळणे हेच मोठे भांडवल ठरते, त्या आपल्या जिल्ह्यात हे शेवटचे कलम कोणत्याही पुढाऱ्याच्या, मग तो सरपंच असो, आमदार असो वा मंडळीचा पाळक असो, चारित्र्याची कसोटी म्हणून पुरेसे आहे.

बायबलमधील नेतृत्वाची शिकवण अशी हिशेबाशी फार घट्ट बांधलेली आहे, आणि तिचा हाच भाग आज सर्वांत उपेक्षित आहे, अशी माझी धारणा आहे. शमुवेल वृद्धापकाळी अधिकार सोडताना लोकांसमोर उभा राहून, मी कोणाचा बैल घेतला, कोणाकडून लाच घेतली, ते सांगा, असे आव्हान देतो. इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, न्यायदानाचा भार वाटून देण्यासाठी माणसे निवडण्यास सांगतो, तेव्हा देवाचे भय आणि सत्यनिष्ठा यांच्या जोडीला लाचेचा तिटकारा हा गुण तो आवर्जून सांगतो. पौल तर यरुशलेमेतील गरिबांसाठी जमवलेली वर्गणी पोहोचविण्याच्या कामी तीताबरोबर मंडळ्यांनी नेमून दिलेला दुसरा माणूस घेतो, आणि परमेश्वरासमोरच नव्हे, तर माणसांसमोरही व्यवहार निर्मळ दिसला पाहिजे, असे त्याचे कारण देतो.

आपल्याकडे ही अपेक्षा केवळ उपदेशाची राहिलेली नाही. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मविधी-संहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे अनिवार्य केले आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यास, मग ते मंदिराचे असोत वा चर्चचे, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली येतात. त्यांना हिशेबाची तपासणी करून घ्यावी लागते आणि न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी घ्यावी लागते. हे बंधन सरकारने चर्चवर लादलेला जाच आहे असे मानणारे ख्रिस्ती लोक आहेत. मला ते पौलाच्याच विचाराचे कायद्याच्या भाषेतील रूप वाटते. जो धर्मगुरू अथवा पंच आपल्या मंडळीपुढे वर्षाचा ताळेबंद ठेवण्यास कचरतो, त्याने ग्रामपंचायतीच्या गैरव्यवहारावर प्रवचन करू नये.

मात्र स्वतःचे अंगण स्वच्छ होईपर्यंत रस्त्यावर यायचेच नाही, असाही याचा अर्थ नव्हे, आणि त्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वसईत, घडलेले आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, जमिनीच्या व्यवहारांत दहशत शिरली. त्या वेळी नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून पुढे आले, आणि त्यांच्याबरोबर केवळ ख्रिस्ती नव्हे, तर सर्व समाजांचे लोक उभे राहिले. 1983 पासून ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. चर्चचे हे मासिक त्यांच्या हाती मराठी सांस्कृतिक जीवनाचे व्यासपीठ झाले. पुढे त्यांनी सिद्ध केलेल्या ‘सुबोध बायबल’ला अनुवादाचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि 25 जुलै 2024 रोजी ते निवर्तले. त्यांचे मोठेपण मी एका मर्यादेत पाहतो, आणि ती मर्यादा त्यांनी पाळली म्हणूनच ते मोठेपण मानतो. कॅथलिक धर्मगुरूला राज्यसत्तेचे पद स्वीकारण्यास त्याच संहितेने मनाई केली आहे. फादर निवडणुकीला उभे राहिले नाहीत, पण विहिरीचे पाणी आणि शेतकऱ्याची जमीन हा धर्माबाहेरचा विषय आहे, हेही त्यांनी मानले नाही. धर्माच्या नावाने मते मागणे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 प्रमाणे भ्रष्ट आचार ठरतो. त्या कायद्याला जराही धक्का न लावता व्यासपीठावर किती बोलता येते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

वसईहून उत्तरेस बोईसरला आले की प्रश्नाचे रूप बदलते. तारापूरचे अणुविद्युत केंद्र 1969 मध्ये सुरू झाले, ते देशातील पहिले. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने खाड्या आणि किनारा नासला, तेव्हा मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट अशा ठिकाणी सांगताना तिच्यातील एक बारकावा सुटता कामा नये: अहाब राजाने प्रथम रास्त किंमत, किंवा याहून चांगला मळा, देऊ केला होता, वडिलोपार्जित मळा म्हणून नाबोथाने तो देण्यास नकार दिला, आणि पुढे त्याचा जीव घेतला गेला तोही पत्रे, मोहरा, साक्षीदार आणि पंचसभा असे सर्व सोपस्कार करूनच. कागद पुरे आहेत म्हणून न्याय झाला, असे एलीया संदेष्ट्याने मानले नाही. वाढवण बंदरासारख्या योजनांवर ख्रिस्ती माणसांत मतभेद असतील, असावेतही. पण वडिलोपार्जित जागेचा प्रश्न केवळ मोबदल्याच्या आकड्याचा आहे, हे म्हणणे त्यांच्या शास्त्राला धरून नाही.

शिवाय बोईसरची वस्ती ही कारखान्यांमागे देशभरातून आलेल्यांची वस्ती आहे. येथील उपासनेला बसणारा कामगार अनेकदा परभाषक आणि कंत्राटी असतो. बाबेलात नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने पत्रातून कळविले की घरे बांधा, बागा लावा आणि ज्या शहरात तुम्हांला नेले आहे त्याचे कुशल चिंता. हा उपदेश या कामगारासाठीच लिहिल्यासारखा आहे. परंतु त्याने शहराचे कुशल चिंतावे, अशी अपेक्षा करणाऱ्या मंडळीने त्याला आपल्या कारभारात कोणते स्थान दिले आहे? प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत हाच कलह उपस्थित झाला. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. प्रेषितांनी तक्रारदारांना गप्प केले नाही, चौकशी समितीही नेमली नाही; सात कारभारी निवडण्यास लोकांनाच सांगितले, आणि निवडले गेले ते स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव, म्हणजे सातही जण ग्रीक नावांचे, त्यांतला शेवटचा तर जन्माने यहूदीही नसलेला. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच हाती कोठाराच्या किल्ल्या दिल्या गेल्या. बोईसर, पालघर आणि तलासरीच्या पट्ट्यातील मंडळ्यांनी आपल्या पंचांची आणि अर्थसमितीची यादी समोर घेऊन तीत वारली बाई किती, कंत्राटी कामगार किती, हे येत्या वार्षिक सभेपूर्वी मोजून पाहावे, एवढे माझे मागणे आहे.