चौकट : संत्र्याची साल आणि व्हिस्कीचा पेला

वरुड-मोर्शीकडील किंवा अकोटच्या बागेतील संत्रे हाती घेऊन त्याची साल किंचित मुडपली असता बोटांवर जो सुगंधी तैलकणांचा फवारा उडतो, तोच संत्रास्वादी व्हिस्की-लिक्युअरचा प्राण होय. कारण हे तेल पाण्यात विरघळत नाही, मद्यार्कात मात्र सहज विरघळते, आणि म्हणूनच अस्सल सालीच्या लिक्युअरमध्ये थंड पाणी घालताच कधी दुधी झाक उतरते, ती दोष समजू नये.

लिक्युअर म्हणजे गोडवा आलाच. युरोपीय संघाच्या कायद्यानुसार त्यात सामान्यतः लिटरमागे किमान 100 ग्रॅम साखर लागते. तेव्हा चव पाहताना बर्फाची घाई न करता, आधी वास घ्यावा, मग लहान घोट जिभेवर ठेवून साखरेमागे व्हिस्कीच्या धान्याची व लाकडी पिंपाची चव शिल्लक उरते की नाही, हे तपासावे; ती उरत नसेल, तर ते निव्वळ सरबत होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिश्रणात सोडा व लिंबाचे चार थेंब पुरेत. संत्र्याचा रस घालावयाचा तर तो त्याच क्षणी काढावा, कारण ठेवलेला रस लिमोनिनमुळे कडवट होतो. आंबिया बहाराचे फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात, मृगाचे फेब्रुवारीपासून मिळते.

1949च्या दारूबंदी कायद्यान्वये महाराष्ट्रात अशा मद्याच्या प्राशनास परवाना आवश्यक असून तो 25 वर्षांखालील व्यक्तीस मिळत नाही. घरी भट्टी लावणे हा गुन्हा आहे.