शेतकऱ्यांचे अनुदानविषयक वर्गीकरण

शेतकऱ्यांचे अनुदानविषयक वर्गीकरण म्हणजे कृषी आधुनिकीकरणाच्या शासकीय योजनांत अर्जदाराला मिळणारा अनुदानाचा दर ठरवण्यासाठी केलेली विभागणी होय. महाराष्ट्रात ती मुख्यतः धारण क्षेत्र, सामाजिक प्रवर्ग आणि लिंग या निकषांवर होते. जमिनीला पाणी आहे की नाही, याचा विचार त्यात सहसा होत नाही. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ही बाब महत्त्वाची ठरते.

भूधारक वर्ग

१ हेक्टरपर्यंत जमीन असलेला शेतकरी अत्यल्प भूधारक, तर १ ते २ हेक्टर जमीन असलेला अल्प भूधारक मानला जातो. त्यापुढील सर्व शेतकरी ‘इतर’ गटात मोडतात. धारण क्षेत्र सातबारा व ८-अ उताऱ्यावरून ठरते. त्यामुळे एकत्र कुटुंबातील जमिनीची वाटणी होऊन स्वतंत्र खाती झाल्यास खातेदारांचा वर्ग बदलू शकतो.

अनुदानाचे दर

राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ घटकातून ठिबक व तुषार संचांसाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, तर इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतील अनुक्रमे २५ व ३० टक्के पूरक अनुदान धरून हे प्रमाण ८० व ७५ टक्के होते. ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या मापदंड खर्चावर काढली जाते. कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानात बहुतांश अवजारांसाठी अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, तर इतरांना ४० टक्के दर लागू होतो. महिलेला हा लाभ मिळण्यासाठी जमीन तिच्या नावावर असावी लागते.

सोलापूर जिल्ह्यातील परिणाम

माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात प्रामुख्याने कोरडवाहू रब्बी ज्वारी घेतली जाते. तरीही पावणेदोन हेक्टर ऊस असलेला शेतकरी अल्प भूधारक ठरतो आणि अडीच हेक्टर कोरडवाहू ज्वारी पेरणारा ‘इतर’ गटात जातो.

कमाल जमीन धारणेच्या १९६१ च्या अधिनियमात मात्र हा भेद मान्य केलेला आहे. त्यानुसार बारमाही सिंचनाच्या जमिनीची कमाल मर्यादा १८ एकर, तर कोरडवाहू जमिनीची ५४ एकर आहे. अनुदान योजनांच्या वर्गीकरणात असे गुणोत्तर वापरले जात नाही.