तालुक्याचें न्यायालय आणि त्यावरच्या पायऱ्या

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपल्याकडे घरोघरीं सांगतात. पण ती पायरी नेमकी कोणती आणि तिच्यावर आणखी किती आहेत, हें चांगल्या शिकलेल्या माणसासहि बहुधा सांगतां येत नाहीं. आपला भंडारा जिल्हा डोळ्यांपुढें ठेवून तेवढें सांगण्याचा माझा विचार आहे.

साकोली, तुमसर किंवा पवनी येथील न्यायाधीश बहुधा दोन नात्यांनीं आसनावर बसतात. धुऱ्याचा तंटा आला कीं ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. मारामारीची फिर्याद आली कीं तेच प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी. पांच लाख रुपयांपर्यंतचा दावा त्यांस ऐकतां येतो व तीन वर्षांपर्यंत कैद देतां येते. त्याहून मोठा दावा वरिष्ठ स्तराकडे जातो; खुनासारखा गुन्हा भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयापुढें चालतो. जिल्हा न्यायाधीश आणि सत्र न्यायाधीश हीं एकाच व्यक्तीचीं दोन पदें होत.

सातबाऱ्यावरील फेरफारासाठीं आपण जातों ती तहशीलदाराची कचेरी मात्र या साखळींतील नव्हे. हा घोटाळा जुना आहे. इंग्रजी अमदानींत डेप्युटी कमिशनर हेच जिल्ह्याचे मॅजिस्ट्रेट असत. वसूल करणारा आणि शिक्षा देणारा हात एकच. १९७४ सालीं अंमलांत आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें न्यायदंडाधिकारी वेगळे करून उच्च न्यायालयाच्या ताब्यांत दिले. २०२४ सालीं ती संहिता जाऊन नवी आली, तरी ही व्यवस्था कायम आहे.

भंडाऱ्याच्या वर नागपूर. तेथें १९३६ सालीं स्वतंत्र उच्च न्यायालय झालें. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आला तेव्हांपासून तेथें मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ आहे. अमेरिकेंत संघराज्याचीं न्यायालयें निराळीं आणि घटक राज्यांचीं निराळीं. आपल्याकडे संसदेचा कायदा असो वा विधिमंडळाचा, साकोलीचें न्यायालय दोन्ही लावतें. तेथील न्यायाधीशांची बढती, बदली व रजा घटनेच्या २३५ व्या कलमानें उच्च न्यायालयाच्या हातीं आहे.

या पायऱ्या कशासाठीं, हें एका दुःखद खटल्यावरून कळेल. २९ सप्टेंबर २००६ रोजीं मोहाडी तालुक्यांतील खैरलांजी गांवीं एका दलित कुटुंबांतील चार जणांची हत्या झाली. २००८ सालीं भंडाऱ्याच्या न्यायालयानें आठ जणांस दोषी ठरवून सहांस मृत्युदंड व दोघांस जन्मठेप दिली. परंतु सत्र न्यायालयाचा मृत्युदंड उच्च न्यायालयानें कायम केल्यावांचून अंमलांत येत नाहीं. आरोपीनें अपील केलें नाहीं तरी कागदपत्र वर पाठवावेच लागतात. एका न्यायाधीशाच्या लेखणीवर कोणाचा जीव अवलंबूं नये, ही त्यांतील दृष्टि मला योग्यच वाटते. जुलै २०१० मध्यें नागपूर खंडपीठानें आठहि जणांचा दोष कायम ठेवला, पण शिक्षा पंचवीस वर्षांच्या कैदेची केली. अनेकांस तें रुचलें नाहीं. त्याहून अधिक टोचली ती ही गोष्ट कीं, अनुसूचित जातींवरील अत्याचारांचा कायदा या कृत्यास लागतो, असें ना भंडाऱ्यास ठरलें, ना नागपुरास.

त्यापुढची पायरी दिल्लीची. तेथें अपील हा सरसकट हक्क नव्हे. बहुतेक प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाची परवानगी आधीं मिळवावी लागते.