दुखणे हेच जेव्हा दुखणे होते



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी कंत्राटी कामगारांवर किंवा नव्या श्रमसंहितांवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. ज्ञानतंतूंच्या वेदनेवर बोलणार असे म्हटल्यावर ते क्षणभर गप्प झाले. मी डॉक्टर नाही. माझे शिक्षण दहावीपर्यंत शाळेत आणि त्यापुढचे ग्रंथालयात व द्वारसभांत झाले. परंतु तीस वर्षे मी कामगारांच्या तक्रारी लिहून घेत आलो आहे. त्यांत एक तक्रार अशी निघाली की ती कोणत्या रकान्यात लिहावी हेच मला कळेना.

वाळूजच्या एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर आमच्या एका सभासदाची उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. अशा वेळी काय करायचे हे मला पाठ होते. नुकसानभरपाईच्या कायद्याला एक कोष्टक जोडलेले असते. अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट, एका हाताची दोन बोटे गेली तर २०, चार गेली तर ५०, तर्जनी मुळापासून गेली तर १४. मूळ कायदा १९२३ सालचा. आता त्याची जागा नव्या संहितेने घेतली, तरी कोष्टक काही सुटले नाही. १४ टक्क्यांचा हिशेब झाला, पैसे मिळाले, मी फाईल बांधून ठेवली.

चार महिन्यांनी तो परत आला. म्हणाला, "भाऊ, बोट गेलं ते गेलं, पण त्याची आग जाईना. नसलेल्या बोटाचं नख कुणी पकडीनं उपटतंय असं होतं रातभर." त्याच्या सुपरवायझरने ही गोष्ट साऱ्या खात्याला हसून हसून सांगितली होती. मी हसलो नाही. पण मी जे केले ते हसण्यापेक्षा वाईट होते. "मनाला लावून घेऊ नको," असे मी त्याला सांगितले आणि मनात म्हटले, याला हलके काम पाहिजे. पुढे दोन वर्षे त्याने माझ्याकडे हा विषय काढला नाही.

आपल्या मराठीत एक गंमत आहे. 'दुखणे' म्हणजे वेदना आणि 'दुखणे' म्हणजेच आजार. "म्हातारी दुखण्यातून उठली" असे आपण म्हणतो तेव्हा तिचे काही दुखत होते असे नव्हे, ती आजारी होती एवढाच अर्थ. आपल्या आज्या-पणज्यांनी दोन्हींना एकच शब्द ठेवला. वैद्यकशास्त्राने मात्र या दोन गोष्टी फार काळ वेगळ्या धरल्या: आजार हा धनी आणि वेदना ही त्याची चाकर, धनी गेला की चाकर जाणारच. बहुतेक वेळा हे खरेही असते. काटा काढला की पाय दुखायचा राहतो.

ही चाकरी किती मोलाची आहे, हे पाहायचे तर कुष्ठरोगाकडे पाहावे. वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात ज्यांची बोटे झडलेली आपण पाहिली, त्यांची बोटे रोगजंतूंनी खाल्ली असे लोक समजतात. तसे नसते. रोग ज्ञानतंतू मारतो, हाताला चटका कळेनासा होतो, गरम भांडे धरले तरी माणूस सोडत नाही, जखम चिघळते, आणि असे होत होत बोट जाते. वेदना नसणे हे एवढे महाग पडते. आणि याच रोगाची दुसरी तऱ्हा अशी की, औषधांचा पूर्ण क्रम होऊन जंतू मेल्यावरही काही रोग्यांच्या हातापायांत वर्षानुवर्षे आग आणि कळा राहतात. धनी मेला, चाकर घरातच. मग आता त्या चाकराला काय म्हणायचे?

सतराव्या शतकात देकार्त नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने वेदनेचे एक चित्र काढले. त्याच्या मृत्यूनंतर, १६६४ साली, ते छापले गेले. पाय विस्तवाजवळ गेला की आतली दोरी ओढली जाते आणि डोक्यात घंटा वाजते. सुपरवायझरचे हसणे याच चित्रातून आलेले आहे: दोरीचे टोकच कापले गेले, मग घंटा वाजेल कशी? वाजते म्हणणारा सोंगाड्याच असला पाहिजे.

अमेरिकेतील यादवी युद्धात हातपाय तुटलेल्या हजारो शिपायांनी नेमकी हीच तक्रार केली होती. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या वीअर मिचेल या डॉक्टरने १८६६ साली हा अनुभव प्रथम निनावी गोष्ट म्हणून मासिकात छापला. लोकांना ती इतकी खरी वाटली की त्या काल्पनिक शिपायासाठी त्यांनी वर्गणी गोळा केली! पुढे १८७१ मध्ये त्याने या नसलेल्या अवयवाला नाव दिले. आपण त्याला 'भुताचा अवयव' म्हणू. म्हणजे माझ्या सभासदाची तक्रार दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली होती. मी ती वाचलेली नव्हती, एवढेच.

दोरीच्या चित्राला मोठा धक्का बसला तो १९६५ साली. मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडले की, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एक दरवाजा आहे आणि तो कमीजास्त उघडतो. मार लागला की आपण ती जागा चोळतो, आई लेकराचे टेंगूळ चोळते, त्याने बरे का वाटते? चोळण्याचा निरोप दरवाजापाशी वेदनेच्या निरोपाला अडवतो. मेंदूही वरून हुकूम पाठवून दरवाजा उघडझाप करतो. त्यांच्या मांडणीतल्या बारकाव्यांत पुढे दुरुस्त्या झाल्या, पण वेदना ही सरळ दोरी नव्हे हे पक्के झाले. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशीच हळव्या होतात. मग लहानसा निरोपही त्यांना मोठा वाटतो. अशा माणसाला सदऱ्याच्या बाहीचा स्पर्श सोसत नाही, पंख्याचा वारा झोंबतो.

कारखान्यातल्या माणसाला मी हे असे सांगतो. खात्यात आगीचा भोंगा आहे. आग लागली, भोंगा वाजला, आग विझली, भोंगा थांबला. हे रोजचे दुखणे. पण त्या आगीत भोंग्याची वायरच जळाली आणि नंतर ती आपोआप ठिणग्या टाकू लागली, तर? भोंगा रात्रंदिवस वाजेल. तुम्ही धावत जाल, आग सापडणार नाही. भोंगा मात्र खरोखरच वाजतो आहे. आता बिघाड भोंग्यातच आहे आणि दुरुस्तीही त्याचीच करावी लागेल. तुटलेल्या ज्ञानतंतूच्या टोकाशी गाठ धरते, ती आपणहून निरोप पाठवू लागते. वर मज्जारज्जू हळवा झालेला असतो. आणि मेंदूत त्या बोटाची जागा अजून राखलेली असते. जे बोट नाही त्याची वेदना अशी तयार होते.

हे काही फक्त प्रेसवाल्यांचे नाही. नागीण आपल्या घराघरांत माहीत आहे. तिची दोन तोंडे जुळली की माणूस जातो, अशी समजूत. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू ज्ञानतंतूच्या मुळाशी दडून बसतो आणि म्हातारपणी उठतो. तो त्याच एका तंतूच्या वाटेने अंगावर पट्टा उठवतो, म्हणून तो पट्टा बहुधा एकाच बाजूला राहतो आणि तोंडे जुळत नाहीत. खपल्या पडतात, कातडी स्वच्छ होते, आणि मग खरे दुखणे सुरू होते ते महिनोन् महिने. घरचे म्हणतात, आता तर काहीच दिसत नाही! मधुमेहाचेही तसेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या तळपायांची रात्री आग होते. सर्वांत लांब तंतू आधी बिघडतात, म्हणून ती मोजा चढवावा तशी पायापासून वर चढते.

आता औषधांकडे येतो, कारण घोटाळा तिथे होतो. मेडिकलच्या दुकानातून आणलेली साधी वेदनाशामक गोळी सूज उतरवते, म्हणजे आगीवर पाणी टाकते. वायरच्या ठिणग्यांवर तिचा फारसा इलाज चालत नाही. महिनोन् महिने खाल्ली तर पोट आणि मूत्रपिंडे मात्र बिघडतात. वायर शांत करणारी औषधे वेगळी आहेत. कार्बामाझेपिन, गाबापेंटिन, प्रीगाबालिन ही फेफऱ्यावरचीही औषधे आहेत. अमिट्रिप्टिलिन हे उदासीनतेच्या विकारासाठी निघालेले. कामगार गोळ्यांची माहिती विचारतो, "हे फिटचं औषध, हे डोक्याचं" असे ऐकतो, आणि डॉक्टरने आपल्याला वेडा ठरवले म्हणून पुडी फेकून देतो. माझ्या ओळखीच्या तिघांनी असेच केले. वस्तुतः फेफरे म्हणजे ज्ञानतंतूंच्या पेशींनी अवेळी ठिणग्या टाकणे. तेच औषध इथे का, हे दोन वाक्यांत सांगता येते. ही औषधे हळू, आठवड्यांनी लागू पडतात, मनाने एकदम बंद करायची नसतात, आणि वेदना निम्म्याने उतरली तरी उपचार चांगला लागला असे डॉक्टर मानतात. शिवाय त्यांनी झापड येते, गरगरते. अशा माणसाला प्रेसवर उभे करणे म्हणजे दुसरे बोट मागणे होय. 'हलके काम' हा शब्द मी मनात शिवीसारखा वापरला होता, तोच इथे उपचाराचा भाग ठरतो.

या वेदनाशास्त्राचे आद्य पुरुष जॉन बोनिका हे भूलतज्ज्ञ होते, आणि तरुणपणी तोंडावर मुखवटा चढवून कुस्त्या मारणारे पैलवान! वेदनेच्या उपचारांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५३ चा. आखाड्यातल्या दुखापतींच्या वेदना त्यांना स्वतःला जन्मभर पुरल्या. पैलवानाला मात्र सोंगाड्या कोण म्हणणार?

बाबा आमट्यांचेही उदाहरण मला पुष्कळदा ऐकवले जाते. मणक्यांच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. उभे राहायचे नाही तर आडवे व्हायचे. तशा स्थितीत त्यांनी १९८५ मध्ये कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली. त्यांच्यापुढे हात जोडूनच मी म्हणतो, हे उदाहरण आठ तास उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या तोंडावर फेकू नये. बाबांच्या गाडीत आडवे होण्याची सोय होती. प्रेसजवळ ती नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला तीत स्वतःचा वर्ग मिळाला, आणि त्यात ज्ञानतंतूंच्या वेदनेला स्वतःची जागा. आमच्या कोष्टकात मात्र बोट आहे, बोटाची आग नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत. ज्ञानतंतूंचे काही जुनाट विकार त्यांत आहेत, नुसती वेदना नाही. एक फट तेवढी आहे: कोष्टकाबाहेरच्या इजेसाठी कमाईची क्षमता किती घटली हे डॉक्टरने ठरवावे, अशी तरतूद आहे. बोटाचे १४ टक्के देऊन झाल्यावर त्याची वेदना ही वेगळी इजा आहे, हे कागदावर पटवून देणे अवघड आहे, पण ते काम वकिलाच्या आधी आपले आहे.

म्हणून तक्रार लिहून घेताना मी आता 'हात दुखतो' एवढेच लिहीत नाही. 'शीर दबली', 'नस आखडली' हेही नाही. शीर आणि नस आपण रक्तवाहिनीलाही म्हणतो आणि ज्ञानतंतूलाही, त्यामुळे वाचणाऱ्याला काही कळत नाही. मी त्याच्याच तोंडचा शब्द लिहितो. ठणका आणि रग हे बहुधा स्नायूंचे, सांध्यांचे शब्द. आग, चमक, मुंग्या, भगभग, विजेचा झटका, बधिर आहे तरी दुखते, हे ज्ञानतंतूंचे. मराठीत हे शब्द मुबलक आहेत आणि डॉक्टरला हेच हवे असतात. मग झोप किती मोडते, कशाच्या स्पर्शाने कळ उठते, कोणते काम हातून सुटते, केव्हापासून, हे तारखांसह लिहितो.

तो सभासद पुढे एका वेदनातज्ज्ञाकडे गेला. गोळ्यांनी त्याला रात्री चार तास झोप लागू लागली. मूळचे मद्रासकडचे रामचंद्रन यांनी १९९० नंतरच्या दशकात एक आरशाची युक्ती काढली, तीही त्या डॉक्टरांनी त्याला शिकवली. आरसा दोन हातांच्या मधे उभा धरायचा, उजवा हात आरशामागे, आणि डाव्या हाताचे प्रतिबिंब उजव्याच्या जागी पाहत बोटे हलवायची. सर्वांना तिचा गुण येत नाही. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा बायकोचा कुंकवाचा आरसा त्याने डब्याला टेकवून उभा केला होता. तर्जनी उघडमीट करीत होता. मला म्हणाला, "बसा भाऊ, अजून पाच मिनिटं आहेत."