कोंबडीची पिले : दुर्बळ पिलांचे संगोपन व कळपातील टोचाटोची

जन्मतः अशक्त, व्यंग असलेल्या किंवा रोगग्रस्त पिलांची निगा राखणे आणि कळपातील बलवान पक्ष्यांपासून त्यांचे रक्षण करणे, हे परसातील कुक्कुटपालनाचे महत्त्वाचे अंग आहे. हे दोन्ही प्रश्न परस्परांशी निगडित आहेत. आजारी पिलू टोचले जाते आणि टोचले गेलेले पिलू खाद्यपाण्याला मुकून अधिक आजारी पडते. म्हणून पिलू वेळीच वेगळे काढणे व बरे झाल्यावर ते योग्य रीतीने कळपात परत घालणे, या दोन गोष्टींवर त्याचे जगणे अवलंबून असते.

डहाणू-तलासरी भागातील पद्धती : डहाणू व तलासरी हे आदिवासीबहुल तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडतात. येथील वारली व इतर आदिवासी कुटुंबे थोड्या गावठी कोंबड्या पाळतात. दिवसा त्या मोकळ्या चरतात. रात्री त्यांना घरात, खुराड्यात किंवा डालग्याखाली ठेवतात. पिलांना भाताची कणी, नाचणी आणि मिळाल्यास वाळवी घालतात. घरखर्चाला पैसे हवे असता कोंबडी विकता येते, पाहुण्यांसाठी ती उपयोगी पडते व देवकार्यासही कोंबडा लागतो. त्यामुळे चार-पाच पिले दगावणे हे अशा कुटुंबाचे मोठे नुकसान ठरते.

पहिला आठवडा : अंड्यातून पिलू सु. २१ दिवसांनी बाहेर येते. पोटात ओढल्या गेलेल्या बलकावर ते दोन-तीन दिवस तग धरू शकते. पण ऊब मात्र त्याला लगेच लागते. आई नसलेल्या पिलांना पहिल्या आठवड्यात सु. ३५° से. तापमान द्यावे व पुढे दर आठवड्यास ते सु. ३° से. ने कमी करावे. पिले दाटीने एकत्र गोळा झाल्यास ऊब अपुरी आहे आणि ती दिव्यापासून दूर पळून धापा टाकू लागल्यास जास्त आहे, असे समजावे. गुदद्वाराशी विष्ठा चिकटून मार्ग बंद झाला असेल, तर तो भाग कोमट पाण्याने भिजवून हळुवार स्वच्छ करावा. ओढून काढल्यास जखम होते. गुळगुळीत जमिनीवर पिलांचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात. जमिनीवर गोणपाट अंथरून दोन्ही पाय मऊ पट्टीने योग्य अंतरावर काही दिवस बांधल्यास, उपाय लवकर केला असता, ते बहुधा सुधारतात. बोटे आत वळणे हे रिबोफ्लाविनाच्या (ब-२ जीवनसत्त्वाच्या) कमतरतेचे लक्षण असू शकते.

रोग : मान वाकडी होणे हे ई जीवनसत्त्वाच्या अभावाचे लक्षण असते, तसेच ते राणीखेत (मानमोडी) या विषाणुजन्य रोगाचेही असते. १९२६ मध्ये जावा बेटात व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे या रोगाची नोंद झाली. भारतात कुमाऊँमधील राणीखेत येथे तो आढळल्यावरून त्याला हे नाव पडले. त्यावर औषध नाही. म्हणून असे पिलू निदान होईपर्यंत वेगळेच ठेवावे. पाच ते सात दिवसांच्या पिलांच्या डोळ्यात वा नाकपुडीत लासोटा लशीचा थेंब घालतात आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आर२बी ही लस टोचतात. लशीच्या एका कुपीत बऱ्याच पक्ष्यांना पुरेल इतकी मात्रा असते व विरघळवल्यावर ती काही तासांतच वापरावी लागते. त्यामुळे आठ-दहा कोंबड्या असलेल्या घराला ती एकट्याने परवडत नाही. पाड्यावरील सर्व घरांनी एकाच दिवशी लसीकरण करून घेणे श्रेयस्कर ठरते.

पावसाळ्यात खुराड्यातील तूस ओले राहिले की रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस) फैलावते. सामान्यतः तीन ते सहा आठवड्यांची पिले तिला बळी पडतात. अशा वेळी तूस बदलून जागा कोरडी ठेवावी व पशुवैद्याच्या सल्ल्याने पाण्यातून अँप्रोलियम द्यावे.

वर्चस्वक्रम : कोंबड्यांत कोणी कोणास टोचावे याचा ठराविक क्रम असतो, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ टोर्लेइफ श्येल्डरूप-एब्बे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. हा क्रम एकदा ठरला की भांडणे कमी होतात. नवा पक्षी आला किंवा एखादा दुबळा झाला की तो पुन्हा ढवळून निघतो. आई सोबत असेपर्यंत ती इतर कोंबड्यांना पिलांजवळ येऊ देत नाही. सहा ते दहा आठवड्यांनी ती त्यांना सोडते, तेव्हा पिले एकदम क्रमाच्या तळाशी येतात. आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक्षमता तर त्याआधीच ओसरलेली असते. त्यामुळे हा काळ विशेष जपण्याचा असतो. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींची, आईविना वाढलेली पिले गावठी कळपात सोडल्यास त्यांच्यावरही हाच प्रसंग येतो.

वर्चस्वासाठी मारलेली चोच बहुधा डोक्यावर व तुऱ्यावर बसते. पाठीची, शेपटीची पिसे उपटणे व गुदद्वाराशी टोचणे हा प्रकार वेगळा असून दाटी, उष्मा, प्रखर प्रकाश, तसेच आहारातील प्रथिने किंवा मीठ यांची कमतरता ही त्याची कारणे होत. रक्त दिसताच इतर पक्षी तेथेच टोचत राहतात व त्याचे पर्यवसान स्वजातिभक्षणात होऊ शकते.

विलगीकरण व पुनःप्रवेश : जखमी पिलू ताबडतोब वेगळे करावे. जखम धुऊन जंतुनाशक जेन्शियन व्हायोलेट लावल्यास लाल रंगही झाकला जातो. संसर्गजन्य रोगाचा संशय नसल्यास पिलू इतरांना दिसेल अशा जाळीआड ठेवावे; कारण दोन-तीन आठवडे पूर्णपणे नजरेआड राहिलेला पक्षी परतल्यावर परका ठरतो. संशय असल्यास मात्र ते दूर ठेवावे, त्याला शेवटी खाद्य घालावे व नंतर हातपाय धुवावेत. बरे झाल्यावर त्याला एकटे न सोडता दुसऱ्या पिलासह, शक्यतो संध्याकाळी कोंबड्या बसल्यावर, कळपात सोडावे. खाद्यपाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत व दुबळ्यास लपता येईल असा आडोसा करावा. एकच कोंबडी सतत त्रास देत असल्यास तिलाच काही दिवस बाहेर काढावे. परतल्यावर तिचे स्थान बहुधा घसरते. चोच कापण्याचा व्यापारी उपाय परसात अनावश्यक असतो.

उपचारानंतरही जे पिलू खात नाही वा उभे राहत नाही, त्याला वेदनेत न ठेवता त्याचा अंत वेदनारहित रीतीने करणे इष्ट होय. रोगाने मेलेले पिलू उकिरड्यावर टाकू नये. चुना घालून खोल पुरावे. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास ते न विकता व न खाता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्ल्यूचा देशातील पहिला उद्रेक आढळल्यापासून ही खबरदारी शेजारच्या घरांच्या व माणसांच्या दृष्टीनेही आवश्यक ठरली आहे.